तरोट्याचं पहिलं पाणी

प्राध्यापक डॉ. दिगंबर वाळूरकर सरांची आणि माझी पहिली भेट पेडगावला आमच्या शेताच्या बांधावर झाली. श्रावणातली सकाळ होती. कपाशीत खुरपण चाललं होतं. पॅन्ट-शर्टातले एक गृहस्थ बांधावर उकिडवे बसून तरोट्याचा, म्हणजे टाकळ्याचा, पाला चावत होते. चावायचे, थुंकायचे, वहीत काहीतरी लिहायचे आणि दोन पावलं सरकून पुढच्या झाडाचं पान तोडायचे. मला वाटलं, चांगल्या घरचा माणूस दिसतोय, पण बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी खुरपं हातात घेऊनच जवळ गेलो.

"काय पाव्हणं, उपाशी हाव का?"

सर हसले नाहीत. वर बघून म्हणाले, "दादा, हा तरोटा तुम्ही खाता का?"

"खातो की. पण असा न्हाई. उकडायचा, पहिलं पाणी टाकून द्यायचं, मग फोडणी."

"पहिलं पाणी का टाकता?"

"कडू लागतंय म्हणून."

"सगळीकडचा सारखाच कडू असतो का?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते आमच्या घरात होतं. सरांना चहाला घरी नेलं, तेव्हा आमच्या मंडळींनी, सत्यभामाबाईंनी, ते दिलं. त्यांचं माहेर जिंतूरच्या पलीकडं डोंगरावर आहे. लग्न होऊन पेडगावला आल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी तरोट्याची भाजी केली, ती माहेरच्या रीतीनं, पाणी न टाकता. आमच्या आईनं पहिला घास घेतला आणि ताटाबाहेर थुंकला. "अगं, पाणी टाकलं न्हाईस? जीभ सोलून निघाली माझी!" नवी सून रडवेली झाली, पण हटली नाही. "आमच्याकडं टाकीत न्हाईत ओ. सगळा जीव पाण्यातच जातो." पुढं कितीतरी वर्षं आमच्या भावकीत त्या भाजीवरून त्यांची थट्टा व्हायची.

सरांनी कप खाली ठेवला. तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावली. मग विचारलं, "वहिनी, तुमचं माहेर किती उंचावर आहे?"

"उंच म्हंजी? डोंगरावर हाय. येष्टी चढती तवर तिलाच दम लागतो."

सर तेव्हा परभणीच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्यांनी जे काम केलं, ते आमच्या चुलीपुढं सुरू झालं. त्यांच्या पहिल्या निबंधात आभाराच्या जागी सत्यभामाबाईंचं नाव आहे. ज्या बाईची सासरी थट्टा झाली, तिचं नाव सरांनी छापलं. आमच्या आईला ते मी वाचून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, "भाजी तरी कडूच होती."

आता सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत आणि कॉलेजनं हा गौरवग्रंथ काढायचं ठरवलं आहे. समितीतल्या एका साहेबांचा मला फोन आला. "मामा, सरांच्या साधेपणावर दोन पानं लिहून द्या, तुमच्या भाषेत. गोड लिहा." साधेपणावर लिहितोच आहे. गोड मात्र जमणार नाही. ह्या ग्रंथाच्या वाचकांपैकी पुष्कळांना सरांबद्दल एक खोटी गोष्ट ठाऊक आहे, आणि तिला आधार मी दिलेला आहे. सरांच्या देखत, त्यांना ऐकू येत असताना ती मला मागं घ्यायची आहे. लेख त्यासाठी आहे.

आधी सरांचं काम काय ते सांगतो. सर मला समजावत तसंच सांगतो, म्हणजे चुकलो तर चूक माझी राहील. झाडाला पाय नाहीत. अळी आली तर पळता येत नाही, ऊन लागलं तर सावलीला जाता येत नाही. म्हणून झाड आपल्या अंगातच तऱ्हेतऱ्हेची द्रव्यं करतं. कुठलं कडू, कुठलं उग्र वासाचं, कुठलं उन्हापासून पान राखणारं. खाली सपाटीवर उबारा, तिथं खाणारे किडे पुष्कळ आणि तेही नाना जातींचे. एकाला जे चालत नाही ते दुसरा खुशाल पचवतो. मग झाडाला प्रत्येकासाठी वेगळी तजवीज करावी लागते. जसजसं वर जावं तसतसा गारवा वाढतो, किडे कमी होतात, ऊन मात्र कडक लागतं. तिथं झाडाची गरज बदलते. सर म्हणायचे, "दादा, किती आहे ते महत्त्वाचं नाही. किती तऱ्हेचं आहे ते बघायचं."

तऱ्हा मोजायची त्यांची रीतही बघण्यासारखी होती. पाल्याचा अर्क काचेच्या पट्टीवर खालच्या कडेला लावायचा आणि पट्टी एका बरणीत थोड्या औषधात उभी करायची. औषध वर चढतं, अर्काला सोबत नेतं आणि पट्टीवर वेगवेगळ्या उंचीला ठिपके पडतात. जितके ठिपके, तितक्या तऱ्हा. पण पट्टीच्या आधी सर प्रत्येक पान जिभेवर ठेवायचे. "यंत्र नंतर. आधी गाय काय म्हणते ते बघू," असं म्हणून स्वतःच चावायचे.

सरांनी मला कॉलेजच्या बागेत रोजंदारीवर माळी म्हणून लावून घेतलं आणि आमची भटकंती सुरू झाली. पेडगावचं रान, जिंतूरचा डोंगर आणि तिथून पुढं सह्याद्रीतले उंच माळ. जिंतूरचा डोंगर म्हणजे नुसती पायरी, खरी उंची सह्याद्रीत, असं सर म्हणायचे. येताना पोती भरून पाला आणि बी असायचं. एकदा देवगाव फाट्याला गाडी बदलताना कंडक्टरनं आमची पोती बघितली आणि सरांना म्हणाला, "गुरुजी, शेळ्या मागच्या गाडीनं यायल्यात का?" सर गंभीरपणे म्हणाले, "नाही, मीच खातो." कंडक्टरनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "खरंच खातेत ओ."

मी शाळेत फारसा गेलेलो नाही. झाडं दाबून वाळवायला आम्ही जुन्या वर्तमानपत्रांचे कागद वापरायचो. वाळलेलं झाड उचललं की खालची बातमी सर मला वाचायला लावायचे. मी अक्षरं जुळवायचो, ते थांबायचे. आज दोन पानं लिहायला बसलोय, ते त्या रद्दीच्या जोरावर. कॉलेजात एवढे विद्वान होते, पण माळ्याला वाचता येत नाही हे फक्त ह्यांच्या लक्षात आलं.

आता मुख्य गोष्ट.

तरोटा खाली कडू आणि वर सौम्य, हे सरांनी दाखवून दिलं होतं. पण हा फरक जागेचा की बियाण्याचा? सपाटीची हवा-माती झाडाला कडू करते, की पिढ्यान्‌पिढ्या किड्यांशी झगडून तिथलं बियाणंच तसं झालंय? हे कळायला एकच उपाय. खालचं, मधलं आणि वरचं बी आणून एकाच जागी, एकाच मातीत, एकाच दिवशी पेरायचं आणि काय होतं ते बघायचं. कॉलेजच्या मागच्या मोकळ्या जागेत वाफे पाडले. सरांनी मला सांगितलं, "दादा, तिघांना सारखं वागवा. पाणी सारखं, निंदणी सारखी." मी शब्द दिला आणि पाळला. तिघांना सारखंच वागवलं.

पण मी कपाशीवाला माणूस. पानावर अळी दिसली की बोटं आपोआप जातात, विचार मागून येतो. तरोट्यावर पिवळ्या फुलपाखराच्या हिरव्या अळ्या पडतात. मी रोज सकाळी त्या वेचायचो आणि साबणाच्या पाण्याच्या डब्यात टाकायचो. तेवढ्यानं भागेना म्हणून घरून निंबोळीचा अर्क आणून दर आठवड्याला फवारायचो. प्रयोगशाळेत पानं पाठवायची वेळ आली की त्यातलीही निवडक, बिनछिद्राची तोडायचो. सरांच्या टेबलावर कुरतडलेलं पान कसं द्यायचं? पाहुण्याला आपण किडकं वांगं देतो का?

पट्ट्या निघाल्या. तिन्ही वाफ्यांचे ठिपके जवळजवळ सारखे. सरांनी निष्कर्ष काढला की बियाणं एकच, फरक सगळा जागेचा. निबंध लिहून पाठवला, तो छापूनही आला. कॉलेजात सत्कार झाला, पेढे वाटले.

त्यानंतरच्या हंगामात वाफे पुन्हा पेरले होते. एके दिवशी सर सकाळीच मागच्या बाजूला आले. मी डबा घेऊन कामातच होतो.

"हे काय, दादा?"

"अळ्या हायत सर. रोज येचतो. एक बी ऱ्हाऊ देत न्हाई." मी मोठ्या दिमाखात सांगितलं.

"मागच्या वर्षीही?"

"पेरल्यापासनं की. निंबोळीचं पाणी बी मारतो. घरनं आणतो, तुमाला तकलीफ नको म्हणून."

सर वाफ्याच्या कडेला खाली बसले. डबा माझ्या हातून घेऊन आत डोकावले. मग म्हणाले, "दादा, झाडांची परीक्षा होती आणि आपण प्रश्नपत्रिकाच काढून घेतली." मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावलं. पुष्कळशी द्रव्यं झाड अळीनं चावल्यावरच तयार करतं. चावणारं कोणी ठेवलंच नाही, तर कुणाच्या अंगात काय हुन्नर आहे ते कळणार कसं? सर उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुमचा दोष नाही. अळीला हात लावू नका, हे मी सांगायला पाहिजे होतं. ते मी सांगितलं नाही."

ही गोष्ट आम्हा दोघांशिवाय कोणालाही ठाऊक नव्हती. सर गप्प बसले असते, तर आजही तो निबंध तसाच राहिला असता आणि ह्या ग्रंथात त्याचं कौतुक छापलं गेलं असतं. त्यांनी त्याच आठवड्यात पत्र लिहून निबंध मागं घेतला. कारण लिहिलं: वाफ्यात अळ्या वेचल्या गेल्या आणि फवारणी झाली, सूचना देण्यात माझी चूक झाली. माझं नाव त्यात नव्हतं.

कॉलेजात बोभाटा झाला. पेढे खाल्लेली मंडळीच आता म्हणू लागली, "ठिपके घरी बसून काढले असतील." तिघांची चौकशी समिती नेमली गेली. मला बोलावणं आलं. बाहेर बाकावर बसलो होतो, तेव्हा ऑफिसातले एक जण जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "मामा, तुमचे कायम व्हायचे कागद वर गेलेत. मी फवारलं म्हणालात की गेलं सगळं. काही माहीत नाही म्हणा."

आत गेलो. समोर तिघं साहेब, बाजूला खुर्चीवर सर.

"वाफ्यात तुम्ही काही फवारलं का?"

"न्हाई साहेब."

"अळ्या वेचल्या?"

"न्हाई साहेब. मी फकस्त पाणी घालतो."

एका साहेबांनी सरांकडं वळून विचारलं, "वाळूरकर, तुमचं काय म्हणणं आहे?" सर माझ्याकडं बघत होते. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "दादा म्हणतात ते लिहून घ्या."

एवढंच. ह्या एका वाक्यात त्यांनी स्वतःला खोटं ठरू दिलं. फवारणीच झाली नाही, तर सरांनी दिलेलं कारण बनावट, आणि कारण बनावट तर आकडेही बनावट. समितीनं लिहिलं, 'स्पष्टीकरण समाधानकारक नाही.' विभागप्रमुखाची खुर्ची त्यांची होती, ती दुसऱ्याला गेली. प्रयोगशाळेची खोली काढून घेतली. आम्ही वर्षानुवर्षं डोंगर चढून आणलेली, कागदात दाबलेली झाडं जिन्याखाली टाकली गेली, तिथं त्यांना कसर लागली. वाफ्यांच्या जागी दुचाक्यांसाठी पत्र्याचं शेड आलं. मी मात्र त्याच वर्षी कायम झालो.

त्या वेळी हसलेल्या काही लोकांची नावं ह्या ग्रंथाच्या अनुक्रमणिकेत आहेत असं ऐकतो. 'ऋषितुल्य' हा शब्द त्यांनी पुष्कळ वेळा वापरला असेल. मी कोणाचं नाव घेत नाही. नाव घ्यायचा अधिकार मला नाही, कारण त्या सगळ्यांनी मिळून जे केलं त्याला माझ्या दोन शब्दांचा आधार होता. माझं पाप त्यांच्यापेक्षा मोठं आहे. त्यांना खरं ठाऊक नव्हतं, मला होतं.

घरी गेल्यावर सत्यभामाबाईंना सांगितलं. त्या चुलीपुढं होत्या. म्हणाल्या, "माझं नाव छापलं त्या माणसानं. तुमी त्याचं पुसून आलाव." त्यानंतर कित्येक दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलत.

मी सरांकडं गेलो. पाय धरायला वाकलो, तर त्यांनी मध्येच धरलं. मी म्हणालो, "सर, माझ्या हातून..." त्यांनी पुढं बोलूच दिलं नाही. "दादा, तुमच्या बांधालगतची ती पट्टी मोकळी आहे का? पेरणी कधी करता?" मला वाटलं, मला क्षमा केली. खरं तर त्यांना प्रयोग पुरा करायचा होता आणि कॉलेजात जागा उरली नव्हती.

मग पेडगावच्या आमच्या रानात सरांनी तोच प्रयोग पुन्हा मांडला. तीन हंगाम. पट्ट्या त्यांच्या स्वयंपाकघरात, लोणच्याच्या बरण्यांत उभ्या राहायच्या. राखण माझ्याकडं. काम एकच, काहीही न करणं. अळ्या पडायच्या, पानांची चाळण व्हायची आणि मी दोन्ही हात पाठीमागं धरून उभा राहायचो. भावकीतली माणसं जाता-येता टोमणे मारायची. "काय ज्ञानोबा, अळ्या पाळायलाव का? शेंगा बी धरतील म्हण की त्यास्नी!" मी ऐकून घ्यायचो. ती माझी शिक्षा होती, आणि सरांनी ती शिक्षा म्हणून दिलीही नव्हती.

ह्या वेळी पट्ट्यांनी खरं सांगितलं. अळी लागल्यावर सपाटीच्या बियाण्याच्या पट्टीवर नवे ठिपके उमटले, तऱ्हेतऱ्हेचे. सह्याद्रीच्या बियाण्यावर त्यातले फार थोडे आले. आमचीच माती, आमच्याच अळ्या, तरी त्याला ते जमेना. पण त्याच्या पट्टीवर एक ठळक ठिपका होता, जो आमच्या तरोट्यात मुळी नाही. तो कडक उन्हासाठी, कॉलेजातले वाफे इमारतीच्या सावलीत होते म्हणून तेव्हा उमटला नव्हता, असं सर म्हणाले. जिंतूरचं बियाणं बरोबर मधलं. म्हणजे जागेचा फरक बियाण्यात मुरला होता. सर मला म्हणाले, "झाडाला जे लागतं ते ते ठेवतं. जे लागत नाही ते हळूहळू विसरतं. पण वरचं झाड कमी नव्हे, दादा. त्याला वेगळं लागतं, एवढंच." पहिला निष्कर्ष उलटा निघाला होता. सत्यभामाबाईंचं माहेर आणि सासर खरोखरच दोन तऱ्हांचं होतं.

हा निबंध सरांनी निवृत्तीनंतर प्रसिद्ध केला. कॉलेजात त्याची दखल कोणी घेतली नाही. एका प्राध्यापकांनी मला विचारलं, "ह्या खेपेला तरी ठिपके खरे आहेत ना मामा?" मी तेव्हाही गप्प राहिलो. नोकरी संपायला दोन वर्षं होती. पुढं नोकरीही संपली, तरी गप्प राहिलो. मग मुलीचं लग्न आलं, मग नातवंडं झाली, ती मला देवमाणूस समजतात. गप्प राहायला माणसाला कारणं कमी पडत नाहीत.

सर आजही महिन्यातून एकदा आमच्याकडं जेवायला येतात. गुडघे गेलेत, डोंगर सुटला. सत्यभामाबाई त्यांना तरोट्याची भाजी करून वाढतात, पहिलं पाणी न टाकता, कारण सरांना तशीच पाहिजे असते. मला ती आजही घशाखाली उतरत नाही. सर एक-एक घास सावकाश चावतात. मी समोर बसतो. तो विषय ते काढत नाहीत, आणि मी काढायला लागलो की ताटातलं पान उचलून दाखवतात, "दादा, हे बघा, ह्याला छिद्र आहे. उत्तम." एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून एक शब्द तक्रारीचा ऐकला नाही. लोक ह्याला थोरवी म्हणतील. मला मात्र त्याचा त्रास होतो. एकदा तरी त्यांनी मला शिवी द्यायला पाहिजे होती.

गौरवग्रंथाच्या समितीला माझी एक विनंती आहे. हा मजकूर मोठा झाला असेल तर सरांनी मला वाचायला शिकवलं तो भाग काढा, कंडक्टरचा काढा. चौकशीचा भाग ठेवा. आणि समारंभात शाल घालण्याआधी तो जुना अहवाल कपाटातून काढा. माझ्या माहितीप्रमाणे त्या तिघांपैकी एक साहेब व्यासपीठावर असणार आहेत.

वाळूरकर सरांची नजर आणि जीभ अशीच तल्लख राहो. त्यांच्या गुडघ्यांना पुन्हा थोडा चढ झेपो, निदान जिंतूरपर्यंतचा तरी. त्यांनी शंभरी पार करावी, कारण त्यांच्या आयुष्यातली जी वर्षं आम्ही नासवली ती कुठून तरी भरून निघायला हवीत. आणि समारंभाच्या दिवशी त्यांनी पुढच्या रांगेत, नीट ऐकू येईल असं बसावं.

मी मागं उभा असेन. साहेबांनी मला तोच प्रश्न सगळ्यांसमोर पुन्हा एकदा विचारावा. वाफ्यात तुम्ही काही फवारलं का?

हो साहेब. दर आठवड्याला. मीच.